खिळ्याची आणि राहत्या घराची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, जन्मभर सोफे आणि खुर्च्या शिवून संसार केलेला, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, पुढच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. पायावर एक लहान टेरिअर कुत्रा झोपला आहे, त्याचे दडपण म्हणायचे असल्यास म्हणावे.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात घर विकून मुलगा व मुलगी यांनी निम्मे-निम्मे घ्यावे असे लिहिले होते. तेव्हा ती दोघे एका खोलीत बसत नव्हती.

कलम एक. माझ्या हातोड्या, कात्र्या, वाकड्या सुया व शिवणयंत्र मुलीला द्यावे. ती परिचारिका आहे आणि तिचा टाका माझ्यापेक्षा बारीक पडतो.

कलम दोन. माझे ड्रिल मशीन धाकट्या भावाकडे आहे, ते त्याच्याकडेच राहावे. मात्र मी ते वापरायला दिले होते, भेट दिले नव्हते, एवढी इथे नोंद असावी. कुत्रा घरी आला तेव्हा "या वयात नसती उठाठेव कशाला?" असे तो म्हणाला होता, त्याचीही असावी.

कलम तीन, घर. याचे कारण सविस्तर लिहिणे भाग आहे.

माझी पत्नी आजारी पडली तेव्हा ऑपरेशन करावे असे मुलाचे मत होते आणि आईला घरी आणावे असे मुलीचे. मुलाने सही केली. ऑपरेशन झाले, ती मात्र उठली नाही. त्यानंतर बहीणभावाचे बोलणे बंद झाले. दोघेही मला भेटायला येत, पण एकमेकांची वेळ चुकवून. मी एकटा पडलो म्हणून मुलीने कुत्र्याचे पिल्लू आणून दिले. लहान, टणक आणि टोकदार, म्हणून मी त्याचे नाव खिळा ठेवले.

मुलगा त्याला ताटातला घास द्यायचा, मुलगी आली की ताटाजवळ आलेल्या खिळ्याला रागवायची. मी तर त्याला काहीच म्हणत नसे. व्हायचे तेच झाले. नव्याने शिवायला आणलेली डॉक्टरांची खुर्ची खिळ्याने फाडली आणि ती न्यायला आले तेव्हा डॉक्टरांचा घोटाही धरला. "काका, हा असाच राहिला तर ठेवता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. बरोबरच होते.

मी कुत्र्यांना शिकवणाऱ्या बाईंना बोलावले, एकदा मुलगा असताना, एकदा मुलगी असताना. त्यांनी खिळ्याकडे कमी आणि आमच्याकडेच जास्त पाहिले.

"एक जण 'उतर' म्हणतो, दुसरी 'खाली' म्हणते, आणि आजोबा तुम्ही 'अरे बाळा' म्हणता. याने ऐकायचं कुणाचं? दोघांना एकाच वेळी बोलवा, नाहीतर मी येण्यात अर्थ नाही."

दोघे आली. खिळ्यासाठी आली, माझ्यासाठी नव्हे, हे मला पुरते ठाऊक आहे. बाईंनी दारात चटई टाकली. घंटा वाजली की खिळ्याने दाराकडे न धावता चटईवर बसायचे. मुलाला त्यांनी जिन्यात उभे केले आणि दार लावले. मुलगी आत, हातात बिस्किटाचे तुकडे.

मग दारापलीकडून मुलाचा आवाज आला, "वाजवू का?"

मुलगी माझ्याकडे बघू लागली. "मी नाही सांगणार," मी म्हणालो.

"थांब," ती दाराला म्हणाली. खिळ्याला बसवले. "आता वाजव, दादा."

त्या दुपारी त्याने घंटा इतकी वाजवली की शेजारी विचारायला आले. खिळा बसायला शिकायला कित्येक आठवडे गेले. मधे एकदा तो सगळे विसरलाही. बाईंचे म्हणणे एकच, न ओरडता पुन्हा करायचे. ती दोघे पुन्हा पुन्हा येत राहिली.

एका संध्याकाळी ती दोघे खिळ्याला फिरवून आली आणि जिन्यातच थांबली. दार उघडे होते. मुलगी म्हणाली, "तुझ्या जागी मी असते ना, तर मीही सही केली असती."

खिळ्याचा पट्टा काढायला मुलाला फार वेळ लागला.

म्हणून राहते घर दोघांच्या नावे सामाईक करतो. विकावे की ठेवावे, हे त्यांनी बोलून ठरवावे. एकत्र जेवण्याची अट घाला, असे वकिलांनी सुचवले होते. मी घातली नाही. ओढून आणलेला कुत्रा पट्टा सुटताच पळतो, हे मी पाहिले आहे.

कलम चार. खिळा दोघांचा. तो ज्याच्याकडे असेल त्याने 'उतर' हाच शब्द वापरावा, ताटातले देऊ नये आणि तो बसला की शाबासकी द्यावी. बसला नाही तर थोड्या वेळाने पुन्हा सांगावे.

कलम पाच. माझ्या मागे मोठा खर्च करू नये.

हे लिहिताना दोघे स्वयंपाकघरात दुधावर झाकण ठेवायचे की नाही यावरून जोरात भांडत आहेत. दूध उतू गेल्याचा वास येतो आहे. मी उठणार नाही.

सही: (मृत्युपत्र करणार)
साक्षीदार पहिले: खालच्या मजल्यावरचे डॉक्टर
साक्षीदार दुसऱ्या: कुत्र्यांना शिकवणाऱ्या बाई
दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.
ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: चौदा मार्च, रविवार