दोन अंश मागे

प्रिय दादा,

हाताने लिहिलेलं पाकीट बघून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. ऑफिसच्या मेलवर हे लिहिता येत नाही, आणि समोर बसून बोलायचं म्हटलं तर तू पेन्सिल काढतोस. दहा मिनिटांनी माझा मुद्दा बाजूला पडलेला असतो, कागदावर एक सुरेख रेघ असते आणि मी ती बघत बसलेली असते. मी सहा वर्षांची होते तेव्हापासून हे चालू आहे. या वेळी तू फक्त वाच.

शुक्रवार आहे, जेवणाची सुट्टी. मापांच्या हॉलमध्ये माझ्याशिवाय कोणी नाही. समोर तुझ्या गाडीचा सांगाडा उभा आहे. दारं नाहीत, चाकं नाहीत, नुसती जमीन, सीटा आणि छप्पर. मागच्या सीटवर मोठे मामा बसलेत. (वहिनी वाचणार असेल तर तिला सांग, मामा म्हणजे आमचे मोजमापाचे पुतळे. मधले मामा मध्यम उंचीचे. मोठे मामा शंभरातल्या पंच्याण्णव पुरुषांपेक्षा उंच. ही नावं मी रुजू व्हायच्या आधीपासूनची आहेत.) मोठ्या मामांच्या डोक्यावर अजून माझी मोजपट्टी तशीच ठेवलेली आहे. सकाळपासून चौथ्यांदा मोजलं. आकडा बदलत नाही.

आधी चांगलं सांगते, नाहीतर तू म्हणशील हिला गाडी कधी आवडलीच नव्हती. मातीच्या मॉडेलवरचं कापड तू ओढलंस त्या दिवशी मी दाराजवळ उभी होते. हातात यादी होती, सतरा प्रश्न होते. छप्पर ड्रायव्हरच्या डोक्यावरून निघून मागच्या दिव्यांपर्यंत एका दमात उतरत गेलं होतं, कुठे थांबलं नव्हतं, आणि उभी गाडी निघाल्यासारखी दिसत होती. सतरापैकी एकही प्रश्न मी विचारला नाही. आमच्या मॅडमनी नंतर विचारलं, तर म्हटलं, प्रकाश बरोबर नव्हता. प्रकाश उत्तम होता.

अशा गाडीत काय काय जातं ते तुला माझ्याकडून नव्याने ऐकायची गरज नाही. डिकी निम्मी होते. मागची काच पत्रपेटीच्या फटीएवढी राहते, आरशात बघितलं तर मागच्या गाडीचा फक्त टप दिसतो. वजन तेवढंच, जागा कमी, आणि तरी किंमत जास्त. पण विक्रीवाल्यांनी दाखवलेला तो व्हिडिओ मी दोनदा बघितला. नमुन्याची गाडी बघायला बोलावलेली चाळीस गिऱ्हाइकं. सगळे गाडीभोवती चार-चार मिनिटं फिरले. मागच्या सीटवर सोळाच जण बसले, तेही अर्धा मिनिट. एका बाईंनी डिकी उघडली, "अय्या, एवढीशीच?" म्हणाल्या, बंद केली, आणि पुन्हा बाजूला येऊन बघत उभ्या राहिल्या. आगाऊ नाव नोंदवूनच गेल्या. मला त्या बाई कळतात. उंच बसायला हवं, खड्ड्याची फिकीर नको, चार जणांत उठून दिसायला हवं, आणि तरी पोराबाळांची गाडी वाटता कामा नये. एवढं सगळं एका रेघेत तू बसवलंस. त्यात मागे बसणारा तेवढा राहून गेला, आणि त्याच्याकडे बघायचं काम माझं होतं.

आई आता कठडा न धरता जिना उतरते. बाबांचा गळपट्टा निघाल्याला सहा आठवडे झाले, पण अजून मान वळवायची तर खांद्यासकट वळतात. डॉक्टर म्हणाले, जोडलेले दोन मणके आता एकच समजा. बाकी सगळं करा, फक्त मानेला हिसका नको. बाबांनी ते इतकं मनावर घेतलंय की कोणी हाक मारली तर आख्खे वळतात. आई म्हणते, लग्नानंतर पहिल्यांदा हे माझ्याकडे पूर्ण तोंड करून बोलतात.

बाबांच्या मानेच्या ऑपरेशनच्या आधी घरच्यांना गाडी दाखवलीस, तो दिवस मला पुन्हा पुन्हा आठवतो. तू आईला पुढे बसवलंस, गुडघ्यामुळे. बाबांना मागे. आई मागे जाऊन गाडी बघून आली होती. "मागून अशी चपटी का रे? कोणी बसलं का हिच्यावर?" तू म्हणालास, वारा कापते ती. "मग पुढून काप की, मागून कसला कापतोस!" स्टुडिओतली पोरं हसायची थांबेनात. बाबा मात्र हसले नाहीत. मोठ्या मामांएवढा उंच, एकतीस वर्षं बसच्या बॉड्या बांधलेला माणूस. गाडीत शिरला की पहिला हात छताला जातो. त्यांनी डोक्यावरचं अस्तर चाचपलं, मग बोटं मागे नेली, जिथे अस्तराखाली डिकीच्या दाराच्या बिजागऱ्यांची लोखंडी आडवी पट्टी आहे तिथपर्यंत. तिथे एकदा ठोकून बघितलं. म्हणाले, "छान आहे. टोपी काढून बसायची गाडी." सगळ्यांना विनोद वाटला. तू तेव्हाच जाहीर केलंस की कारखान्यातून निघालेली पहिली गाडी बाबांच्या दारात उभी राहणार. ते तुझ्याकडे बघून हसले. नंतर आरशातून माझ्याकडे बघितलं, आणि मी दाराचं हँडल तपासायला लागले.

आता त्याच्या आधीच्या ऑक्टोबरचं. तू हे विसरला असशील असं मला वाटत नाही, पण तू त्याला वेगळं नाव दिलं असशील. तुझ्या आधीच्या दोन्ही गाड्या मातीतच राहिल्या होत्या. वहिनीचा फोन आला होता की तू जेवत नाहीस, पोरीशीही बोलत नाहीस. त्यानंतर वरून सांगितलं गेलं की छप्पर मागे अजून चौदा मिलीमीटर उतरलं तर ही गाडी पास. तू चौदा मिलीमीटर उतरवलंस. माझ्याकडे मोठ्या मामांच्या डोक्यावर तेहेतीस होते, एकोणीस राहिले. आपल्याकडे पंचवीस लागतात. हे मी तुला लिहून कळवलं, रीतसर.

तू या हॉलमध्ये आलास. मामांना उचलून बाजूला बसवलंस आणि त्यांच्या जागी स्वतः बसलास, गुडघे जवळ घेऊन. "फूटपट्टे, पाठ दोन अंश मागे घेशील का गं?" मी म्हटलं, असं होत नसतं. तू वाद घातला नाहीस. तू वाद घातला असतास तर बरं झालं असतं, वादात मी हरत नाही. तू नुसता बसून राहिलास, पाऊण तास. मी दोन दुसरी कामं उरकली. शेवटी म्हटलं, बघते. आपल्या घरात "बघते" म्हणजे काय ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे.

मागच्या सीटची पाठ पंचवीस अंशांवरून सत्तावीसवर गेली. डोकं अकरा मिलीमीटर खाली आलं. छप्पर मागे उतरतं असल्यामुळे त्यातले चार परत गेले, हाती सात उरले. एकोणीस अधिक सात, सव्वीस. पास. नोंदीत बदलाचं कारण लिहावं लागतं, तिथे मी लिहिलं, "प्रवाशाच्या आरामासाठी". संध्याकाळी आमच्यातला एक जण सांगाड्याकडे बघून म्हणाला, बाई, तुम्ही मामांनाच मामा बनवलंत. मी हसले होते. चांगलं वाक्य होतं.

डोकं बावीस मिलीमीटर मागेही गेलं, हे मी तेव्हाच मोजलं होतं. ते कोणत्याही रकान्यात लिहायचं नसतं, म्हणून लिहिलं नाही.

मंगळवारी मागून धडकेची चाचणी झाली. आमचा टक्करवाला पुतळ्याच्या टाळूला ओला रंग लावतो, म्हणजे डोकं कुठे लागलं तर खूण राहते. मागच्या सीटवर मधले मामा होते, नियमात तेच आहेत. आकडे सगळे मर्यादेत. टाळ्या झाल्या. गर्दी गेल्यावर मी आत वाकून बघितलं. अस्तराच्या अगदी मागच्या कडेला, आडव्या पट्टीच्या खाली, नाण्याएवढा हिरवा ठिपका होता. टक्करवाला माझ्यामागे उभा होता. म्हणाला, "मधल्यांनी नुसतं टेकवलंय." मी विचारलं, मोठे असते तर? "ते मला विचारू नका, मॅडम. मला मोठे कधी पाठवतच नाहीत."

मग मी मोठ्यांना बसवून गणित केलं. कॉम्प्युटरवर तीनदा, वेगवेगळ्या वेगांना. जुन्या पाठीला आणि जुन्या छपराला डोकं आधी सीटच्या डोक्यामागच्या उशीत अडकतं आणि पट्टीपर्यंत पोचायला तीस मिलीमीटर उरतात. आताच्या गाडीत उशीने धरायच्या आधी टाळू पट्टीवर आपटते आणि मान त्या जागी दुमडते. जोराची धडक लागत नाही त्याला. सिग्नलला उभं असताना मागच्याचा ब्रेक उशिरा लागला, एवढं पुरे. अस्तर जाड करून बघितलं, पट्टी पातळ करून बघितली. अस्तर जाड केलं की जागा जाते. पट्टी पातळ केली की डिकीचं दार लटकतं. छप्पर चौदा मिलीमीटर वर घेतलं आणि पाठ पुन्हा पंचवीसवर आणली, की सगळं जागेवर येतं. दुसरा मार्ग असता तर मी तुला त्रास दिला नसता, हे तू मानशील अशी आशा आहे.

बुधवारी मॅडमकडे गेले. त्यांनी आलेख नीट बघितले. म्हणाल्या, कायद्यात बसतंय ना? मी म्हटलं, हो. "मग तू का उभी?" त्या वाईट बाई नाहीत. छपराच्या साच्याचं पोलाद येत्या मंगळवारी कापायला घेणार आहेत, एकदा कापलं की वर्षभर कोणी त्याला हात लावत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी बाहेर आले आणि हात धुतले. का ते माहीत नाही.

तुला वाटेल, हे ती बाबांसाठी करते आहे. बाबांचा प्रश्न सोपा आहे. त्यांना पुढे बसवू, आईला मागे, किंवा गाडीच घेऊ नये. बाकीच्या उंच माणसांना कुठे बसायचं ते सांगायला आपण तिथे नसू. तरीही खरं सांगायचं तर गणिताच्या तिसऱ्या फेरीत, मान दुमडते ते चित्र पडद्यावर हळू करून बघताना, मी मध्येच बंद केलं. पहिल्या दोन वेळा शेवटपर्यंत बघितलं होतं.

तुझी तिसरी गाडी थांबेल, हे मला कळतं. चौदा मिलीमीटर वर घेतल्यावर ती वरच्यांना आवडेलच असं नाही. जुनी रेघ मी बघितली आहे, तुझ्या टेबलाच्या डाव्या खणात आहे. मला ती कमी सुंदर वाटली नव्हती, पण माझ्या डोळ्यावर कोणी गाड्या विकत नाही. तू पुन्हा जेवणार नाहीस का, वहिनीचा पुन्हा फोन येईल का, हा हिशेबही मी मांडून बघितला. त्याचं उत्तर काढता आलं नाही, म्हणून बाजूला ठेवला.

या पाकिटात अजून एक कागद आहे, तो आता उघड. काम थांबवण्याचा अर्ज आहे. बदलाच्या कारणातला "आराम" मी खोडला आहे आणि खरं कारण लिहिलं आहे. पाठ मी मागे घेतली आणि ते चूक होतं हेही लिहिलं आहे. खाली दोन सह्या लागतात, मोजणाऱ्याची आणि आकार देणाऱ्याची. माझी झाली आहे. एकाच सहीने दिला तर त्याची नुसती टीप होते, फाइलला लागते आणि मंगळवारी पोलाद कापलं जातं. दोन्ही सह्या असतील तर कोणालाही कापता येत नाही, मॅडमना नाही आणि वरच्यांनाही नाही. सोमवारी अकराला बैठक आहे. तू सही करून आणलास तर आपण दोघं मिळून देऊ. नाही आणलास तरी मी माझी प्रत वाचून दाखवणार आहे, आणि दोन अंश कोणाच्या सांगण्यावरून दिले असं कोणी विचारलं तर खोटं बोलणार नाही. ते तिथे पहिल्यांदा तुझ्या कानावर पडू नये म्हणून आज लिहिलं. बाबांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. काल त्यांनी विचारलं, गाडी कधी येणार गं? मी म्हटलं, दादाला विचारा.

तुझीच,
फूटपट्टी