कच्च्या मधाच्या गोळ्या

१४ जानेवारी, संक्रांत
डब्यात बारा तिळगूळ घेऊन चिनी वैद्य लिनबाईंच्या दवाखान्यात गेले. गोड बोला म्हणून दिले, पण लिनबाई मुळात बोलतातच कुठे? एक लाडू उचलला, दिव्याखाली धरला, अंगठ्याने दाबला, टेबलावर घरंगळत सोडला. "कोणी वळला?" मी. "सगळे सारखे?" सगळे. मग खाल्ला. "पुढच्या आठवड्यात गोळ्या तू कर."
दोन आठवडे झाले या दवाखान्यात लागून. आतापर्यंतचं काम: औषधांचे खण पुसणे, लेबलं चिकटवणे, दारातल्या पेशंटला हसून दाखवणे. मार्चअखेर त्या ठरवणार, मला ठेवायचं की नाही आणि चिनी औषधांच्या कोर्ससाठी शिफारसपत्र द्यायचं की नाही. सांगलीत मी वैद्य होते. इथे, आयरिश मुलखात, अकरा वर्षं अजितची बायको आणि ईराची आई आहे. वाईट नाही, पण पुरत नाही.
डिग्रीने जे जमलं नाही ते तिळगुळाने जमलं. आईला सांगायला हवं.

१७ जानेवारी
गोळीचं नाव शन छी वान. वान म्हणजे आपली वटी. फार जुना पाठ आहे, आठ द्रव्यांचा. मूत्रपिंडाला ऊब आणि बळ द्यायला. त्यांच्या शास्त्रात मूत्रपिंड म्हणजे शरीराची चूलच. ती विझत आली की कंबर धरते, गुडघे गार पडतात, लघवीला सारखं उठावं लागतं.
खण उघडून एकेक हातात घेतलं. एक काळं, चिकट मूळ, वाफवून वाळवून पुन्हा वाफवलेलं. एक आंबट लाल फळ, वास थेट आमसुलाचा. एक पांढरा कंद, आपल्या कोनफळाचा भाऊबंद. दालचिनी. मूळ पाठात बचनागाचा एक प्रकार आहे, तो विषारी म्हणून इथे कायद्याने चालत नाही, त्या जागी लिनबाई सुंठ घालतात. परक्या गावात सुंठ भेटली, डोळ्यात पाणी यायचं बाकी राहिलं.
विचारलं, ऊब द्यायची तर दालचिनी-सुंठ एवढीशीच का? बाकी सगळं थंड, जड. लिनबाई: "लहान आग. मोठी आग लावली तर पाणी आटतं, माणूस आटतो."
हे बाकी सांगलीला माझ्या वडिलांना, आबांना पटेल.

२१ जानेवारी
लिनबाई वरच्या खोलीत पेशंटबरोबर, मी खाली एकटी. कागदावर त्यांनी लिहून ठेवलेलं: मध मंद आचेवर तापवायचा, थेंब पाण्यात टाकला की गोळा झाला पाहिजे, मग चूर्णात घालायचा.
मध तापवायचा!
शेगडी पेटवली. हात पुढे जाईना. मध तापवला की विष, हे मी मुळाक्षरांच्या आधी शिकले. आबांच्या दवाखान्यात कोणी गरम दुधात मध घातला तर आबा पेला हिसकावून घ्यायचे. आणि मी, त्यांची मुलगी, उकळता मध औषधात घालू?
शेगडी बंद केली. कच्चा मध घातला. झकास मिळून आलं, तीनशे गोळ्या वळल्या, एक लहान नाही, एक मोठी नाही.
लिनबाई खाली आल्या. "मध केला नीट?"
"हो."
एवढंच. दोन अक्षरंसुद्धा नाहीत.

२४ जानेवारी
ईराला एक गोळी दाखवायला आणली. "मम, दॅट्स रॅबिट पू." मी म्हटलं, सशाच्या लेंड्या नव्हेत, हे औषध आहे, किती मेहनत आहे माहीत आहे का? "ग्रँड. इट्स मेडिसिनल रॅबिट पू." अजित हसून हसून लाल. दोघांनाही जेवायला वाढलं नाही पाच मिनिटं.
पण खूप दिवसांनी हातांना औषधाचा वास आहे. धुवावेसे वाटत नाहीत.

२८ जानेवारी
पहिली बरणी शॉनला दिली. रिटायर्ड पोस्टमन, सत्तरीचा, जन्मभर सायकलवर टपाल वाटलं. गुडघे गार, रात्री चारदा उठतो. त्याच्या डॉक्टरांनी केलेल्या रक्ताच्या तपासण्या लिनबाईंनी आधी चष्मा लावून वाचल्या, मगच औषध. वर्षभर रोज समुद्रात पोहायचा म्हणे, हा हिवाळा सोडलाय. "जस्ट वॉन्ट टु गेट बॅक इन, लव्ह." मला लव्ह म्हणाला. इथे सगळे सगळ्यांना म्हणतात, तरी बरं वाटलं.
लेबलवर माझ्या अक्षरात तारीख आहे.

१ फेब्रुवारी
इथे आजपासून वसंत म्हणतात. चार डिग्री, आडवा पाऊस. आयरिश माणसाच्या आशेला तोड नाही. तरी बागेत कुठलेसे पांढरे कोंब वर आलेत, तेवढं खरं.

११ फेब्रुवारी
शॉन बरणी घेऊन आला. "युअर पिल्स आर ग्रोइंग अ बिअर्ड." झाकण उघडलं. गोळ्या ओल्या, एकमेकींना चिकटलेल्या, वर पांढरी बुरशी. वास आंबूस.
लेबलवरची तारीख पुन्हा वाचली, माझंच अक्षर.
शॉनने बुरशी दिसल्या दिवशीच खाणं थांबवलं, त्याला काही झालं नाही. देवाची कृपा, माझी अक्कल नव्हे. कपाटातल्या बाकीच्या बरण्या बघितल्या, सगळ्यांची तीच गत. त्यातली एकही अजून कोणाला दिली नव्हती.
लिनबाईंनी एक गोळी फोडली, हुंगली. म्हणाल्या, मध ओला होता. विकलोच्या मधवाल्याला उद्या फोन करते, बारा वर्षांत त्याने असं कधी केलं नाही.
मी मान हलवली. हो म्हणून मान हलवली मी!

१२ फेब्रुवारी
सकाळी अजित चेरीवूडच्या ऑफिसला निघताना म्हणाला, "अगं, सांगून मोकळी हो. आमच्याकडे कोडमधला बग लपवणाऱ्यालाच पहिलं काढतात." मी म्हटलं, तुझ्या बगला बुरशी येत नाही. पण त्याचं बरोबर होतं. नेहमी नसतं.
पोचले तर लिनबाईंच्या हातात फोन. म्हटलं, मधवाल्याचा दोष नाही. मी मध तापवला नाही. आमच्याकडे तापवलेला मध विष मानतात. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले.
लिनबाईंनी फोन खाली ठेवला. मग सगळ्या बरण्या माझ्यासमोर कचऱ्यात रिकाम्या केल्या, एकेक करून. मी मदतीला हात पुढे केला तर "नको."
"तू नाही म्हणाली असतीस तर मी का ते सांगितलं असतं. मधातलं पाणी घालवायला तापवतो. पाणी राहिलं तर सडतं. साधी गोष्ट. पण तू हो म्हणालीस आणि केलं नाहीस. आता तू हो म्हणालीस की मी काय समजू?"
मी फडकं उचलून खण पुसायला गेले.
"घरी जा. सोमवारी बघू."
डार्ट लोकलमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले. समोरच्या आजींनी न विचारता टिश्यू दिला.

१३ फेब्रुवारी
लिनबाईंना विचारून शॉनला फोन केला. चूक माझी होती, लिनबाईंची नाही, असं सांगितलं. तो म्हणाला, पावसात भिजलेले सँडविच खाऊन चाळीस वर्षं काढली, तुझ्या गोळ्यांनी काय होतंय. "यू रँग, डिडन्ट यू? दॅट्स मोर दॅन मोस्ट." फोन ठेवल्यावर अजून लाज वाटली.

१५ फेब्रुवारी
आबांना फोनवर सगळं सांगितलं. वाटलं होतं, माझी बाजू घेतील. मध न तापवणारी त्यांची एकमेव शिष्या मीच.
"मध तापवू नये," आबा म्हणाले. "हे मी मरेपर्यंत म्हणणार. पण मनू, त्या बाईंनी विचारल्यावर सांगायचंस की! नको वाटतं तर नको म्हणायचं. दुसऱ्याच्या भट्टीत गुपचूप आपली पळी घालायची, हे कुठं शिकलीस? माझ्याकडं तर नाही."
मग: "त्यांचा पाठ त्यांच्या रीतीनं शिक. आपलं आपल्यापाशी राहतंय, कुठं पळून जात नाही. आणि काय गं, थेंब पाण्यात टाकून बघतात म्हणालीस? म्हणजे गोळीबंद पाकच की."
गोळीबंद पाक. तिळगुळाला दरवर्षी करते तो. माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. नियम आठवत होता, हात आठवत नव्हते.

१७ फेब्रुवारी, सोमवार
गेले. लिनबाईंनी काढून टाकलं नाही, आत ये असंही म्हटलं नाही. दार उघडं होतं, मी आत गेले. दिवसभर खण पुसले. पहिल्या दिवसापेक्षा स्वच्छ.
निघताना म्हटलं, पुन्हा एकदा मध करून बघू द्याल? तुमच्यासमोर. मनाला पटत नाही अजून, ते खरं सांगते. पण करते.
"पटत नाही?"
"नाही."
"बरं," म्हणाल्या. पहिल्यांदाच हसल्यासारखं वाटलं, पण त्यांच्याबाबतीत खात्री देता येत नाही.

२५ फेब्रुवारी
आज केला. लिनबाई शेजारी स्टुलावर, हाताची घडी. आच अगदी बारीक. आधी पांढरा फेस, मग सोनेरी बुडबुडे. पातेल्यात बघताना आबांचा चेहरा दिसत होता. थेंब पाण्यात टाकला, पसरला. थांबले. पुन्हा टाकला, तळाशी गोळा झाला. बोटांत दाबला, मऊ. "आता," मी म्हटलं, आणि त्याच क्षणी त्याही म्हणाल्या, "आता."
"कुठे शिकलीस?"
तिळगुळाचा पाक सांगितला. त्यांनी वही काढून लिहून घेतलं. माझ्याकडून!
दोनशे गोळ्या. चटके बसले. कुरकुर नाही.

४ मार्च
शॉनला नवी बरणी. "नो बिअर्ड?" म्हणाला. म्हटलं, आली तर मीच दाढी करून देईन.

१८ मार्च
काल इथल्या संताच्या सणाची सुट्टी. ईरा हिरवी टोपी घालून परेडला, चेहऱ्यावर रंग. अजित म्हणतो, तू हल्ली कमी चिडतेस. म्हटलं, कमी नाही, योग्य ठिकाणी.
दवाखान्यातली बरणी रोज उघडून हुंगते. कोरडी आहे. कोर्सचा फॉर्म भरून ठेवलाय, शिफारसपत्राची जागा रिकामी.

३१ मार्च, सोमवार
तीन महिने संपले. सकाळपासून वाट बघत होते, लिनबाई काही म्हणतील. त्या चहा पीत बसल्या.
अकराला शॉन. रात्री चारदा उठायचा, आता दोनदा, कधी तीनदा. गुडघे तसेच. पण शनिवारी समुद्रात घोट्यापर्यंत उतरला आणि "लाइक अ चाइल्ड" ओरडला म्हणे. औषधाने की वसंताने, कोण सांगणार?
लिनबाईंनी त्याची नाडी बघितली. मग खुर्ची मागे सरकवली. मला म्हणाल्या, "तू बघ."
पुरुषाचा उजवा हात, आबांनी शिकवल्याप्रमाणे आपोआप तोच धरला. लिनबाईंनी मान डोलावली, ऊब बघायची तर त्यांच्याकडेही उजवाच. अकरा वर्षांनी तीन बोटं कोणाच्या तरी मनगटावर. तिसऱ्या बोटाखाली, खोल, मूत्रपिंडाची जागा. कातडी जाड, टपालवाल्याची. खाली काहीतरी हलत होतं. नाडी होती की माझ्याच बोटांची थरथर?
"काय लागतंय?"
हो, लागतंय, असं म्हणावंसं खूप वाटलं. लहान आग आहे, पेटतेय, असं काहीतरी. शॉनही माझ्याकडे आशेने बघत होता.
"कळत नाही," मी म्हटलं.
लिनबाईंनी खुर्ची पुन्हा पुढे ओढली. "छान. उद्या पुन्हा बघ. माझी बघ. रोज."
पत्राचं विचारायचं राहूनच गेलं. त्यांनीही विषय काढला नाही. उद्या सव्वानऊची डार्ट, मध संपत आलाय, मधवाल्याला सांगायचंय.