विंडोज टाकताना साफ केलं ते

बदलापूर, रविवार, ऑक्टोबर १९९९

जुना कॉम्प्युटर रखडतो म्हणून ह्यांनी उल्हासनगरहून माणूस आणून नवीन विंडोज टाकून घेतलं. मी बाजारातून आले तर माझ्या फायली गायब! माझ्या वडिलांनी वारण्याआधी सांगितलेली त्यांच्या धम्मदीक्षेची सगळी हकीकत त्यात टाईप केली होती.

त्या माणसाला फोन केला, तर म्हणतो, "भाभी, साब को पूछ के ही साफ किया. बोले, कुछ काम का नहीं है."

काम का नहीं! रोज संध्याकाळी ह्यांच्यासमोरच टाईप करत होते ना मी? एकदा तरी विचारलं, काय लिहितेस म्हणून?

आणि वर मलाच बोलावतात, "बघ, कसा फास्ट चालतोय!"

म्हटलं, "चालणारच. माझ्या बापाला उतरवलंत ना त्यातून!"