पाऊण भागिले अर्धा

मी, थोरा एलिंग्सन, वय ब्याऐंशी, निवृत्त शिक्षिका, राहणार बेल्व्हिक, नॉर्थ डकोटा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना, स्वहस्ते लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, बुद्धी शाबूत आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर भाची सॉल्व्हेग हिला द्यावे. तळघरातील बिटाचे लोणचे तिने फेकू नये, शेजारी वाटावे.

२. माझा मोजमापाच्या कपांचा संच मार्डेल बाक्के हिला द्यावा. कारण असे की, अकरा वर्षे मी अपूर्णांकांचा भागाकार "दुसरा उलटा करा आणि गुणा" एवढाच शिकवला. १९७४ च्या हिवाळ्यात अकरा वर्षांच्या मार्डेलने सगळी उदाहरणे बरोबर सोडवली आणि विचारले, "बाई, भागल्यावर उत्तर वाढतं कसं?"

"नियमच आहे तसा."

"नियम येतो मला. कळलं मात्र काहीच नाही."

मलाही कळलेले नव्हते. तसे मी वर्गासमोर कबूल केले. दुसऱ्या दिवशी पीठ आणि हे कप घेऊन गेले. त्या एका धड्याला नऊ दिवस लागले.

मुख्याध्यापक श्री. ऑर्व्हिल स्टेनरूड म्हणाले, "बाई, शाळा आहे की बेकरी?" आणि मला काढण्याचा प्रस्ताव त्यांनी शाळा मंडळापुढे ठेवला. सभेत त्यांनीच मार्डेलला उभे केले.

"पाऊण भागिले अर्धा?"

"दीड."

"नियम सांग."

"नियम कशाला? पाऊण कप पिठात अर्ध्याचं माप एकदा भरतं. उरतं पाव. म्हणजे अर्धं माप. झालं दीड."

मंडळातले एक वयस्क शेतकरी म्हणाले, "मला हे आज कळलं बघा." प्रस्ताव बारगळला. पुढे सत्तावीस वर्षे मी त्याच वर्गात शिकवले. त्याचा मला अभिमान आहे. तो कोणाच्या नावे करीत नाही, सोबत नेणार आहे.

३. श्री. स्टेनरूड यांनी माफी कधी मागितली नाही. मात्र नातीला माझ्याच वर्गात घालायला ते स्वतः आले होते. भांडण तिथेच मिटले. माझी आरामखुर्ची वृद्धाश्रमात त्यांच्याकडे पोचवावी.

४. अंत्यविधी आपल्या ल्यूथरन चर्चमध्ये व्हावा. पास्टरांचे बोलणे ज्या मुलाला कळणार नाही, त्याने हात वर करावा. त्याला कळेपर्यंत मला पुरण्याची घाई करू नये.

वरील मजकूर मी वाचला, मला तो मान्य आहे.

सही: थोरा एलिंग्सन
साक्षीदार: १. व्हर्लिन ओस्टबी, शेजारी २. रोनेल हौगे, ग्रंथपाल
बेल्व्हिक, ९ ऑक्टोबर २०२३