आउसंगातेला चढवलेलं चुकीचं पुडकं

ती. फोर्तुनातो दादास,

धाकट्या सातुर्निनाचा नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? वहिनी आणि मुलं मजेत असतील. इकडे आपल्या आउसंगाते डोंगरबाबाच्या कृपेने सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. ठीक काहीही नाही. घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

ऑगस्टच्या नैवेद्यासाठी तू कुस्कोच्या बाजारातून पुडकं पाठवलंस. ते अल्पाकांची वीण वाढावी म्हणून मागवलं होतं, हे तुला आठवत असेलच (नसेल). बाबाच्या अंगावरचं बर्फ दरवर्षी वर सरकतंय, खालची पाणथळ सुकतेय, गेल्या साली कितीतरी पिल्लं दगावली. तेव्हा या खेपेला नीट मागणं घालायचं ठरलं होतं. इलारियोकाकांनी (पूजा अजून तेच सांगतात, दिसतं मात्र कमी) घोंगडीवर पुडकं सोडलं. लामा जनावराची चरबी, कोकाची पानं, रंगीत गोळ्या, सगळं होतं. फक्त कथलाच्या अल्पाकांच्या जागी कथलाचे नवरा-नवरी, हातात हात घालून. दादा, तू लग्न जुळवायचं पुडकं उचललंस. दुकानात सगळी एकाच कागदात बांधलेली असतात हे कबूल, पण विचारायला तोंड आहे ना तुला? काका म्हणाले, मांडलेलं ताट बाबापुढून मागे घेतलं तर तो गारांनी झोडपून काढेल. मग काय करणार, आम्ही रीतीप्रमाणे आपापलं मागणं मनात धरून पानांवर फुंकर घातली आणि सगळं विस्तवात गेलं. आई जरा जास्तच वेळ फुंकत होती. मला वाटलं, दम लागला असेल.

थोड्याच दिवसांत खिंडीपलीकडचा मेल्चोर (सत्तरी ओलांडलेला विधुर, टोपीला अजून गोंडे लावतो) मीठ मागायला आला. खिंड ओलांडून मीठ मागायला! तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. काल गरम पाण्याच्या कुंडावर गेले, तर दोघं पाण्यात पाय सोडून बसलेले आणि आई त्याला उकडलेला बटाटा सोलून देतेय. मला तिने जन्मात कधी सोलून दिला नाही. माझ्या हातातली बादलीच पडली.

घरी आल्यावर म्हटलं, आई, वयाचं काही भान? तर म्हणाली, “अगं, एवढा मोठा आउसंगाते, त्याचंसुद्धा पांघरूण घसरायला लागलंय. मी कुणाची लाज धरून बसू?”

लग्न करून ती पलीकडे राहायला जाणार आहे. तिकडची पाणथळ अजून हिरवी आहे म्हणे. मी तशीच काकांकडे धावले, म्हटलं, मागणं परत घ्या. ते शांतपणे म्हणाले, “बाबाने एकदाचं कुणाचं तरी ऐकलं, तर तू त्याच्यावरच रुसतेस होय गं?”

दादा, मला वाईट वाटतंय. माझा नवरा गेल्यापासून चुलीपुढे रोज आईशी भांडते, तेव्हा कुठे झोप लागते. ती गेल्यावर मी या घरात कुणाशी बोलू? तू ताबडतोब ये आणि तिला समजाव.

तुझी हादरलेली बहीण,
सातुर्निना

ता. क. : समजवायला येऊ नकोस. आईने लग्नाचा घागरा भरायला घेतलाय आणि काम करताना गुणगुणतेय. तिला इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. लग्नालाच ये.

आणखी एक : येताना त्याच दुकानातून एक पुडकं आण. आईला बोलू नकोस, काकांना मी गाठते. आणि या वेळी चुकून अल्पाकांचं उचलू नकोस.