पाच हजार चाळीस ओळी

६ सप्टेंबर, शनिवार
तीन तास चार मिनिटं. माझ्या तळहातावर दोन फोड. मर्लचा उजवा खांदा. शेजारच्या मोटेलात उतरलेल्यांची दुपारची झोप. एवढी किंमत मोजली — आणि चर्चच्या मनोऱ्यात सात घंटांचे होऊ शकतात तेवढे सगळे, ५०४० क्रम वाजले! एक क्रम म्हणजे एक ओळ, आणि प्रत्येक ओळ एकदाच. रचना माझी, क्रम कुठे फिरवायचा त्या हाकाही माझ्या. चौदाव्या वर्षी शाळा सोडलेल्या प्लंबरच्या! माझ्या कानातून एक ओळ सुटत नाही, असं पबमध्ये सांगितलं. दोनदा सांगितलं म्हणे.

मर्ल एक्केचाळीस वर्षं दोर ओढते आहे. पूर्ण फेरीचे नऊ प्रयत्न, नऊही अर्धवट. आज जमलं. नोव्हेंबरात खांद्याचं ऑपरेशन, मग दोर कायमचा बंद. त्याआधी पूर्ण फेरी वाजवणाऱ्यांच्या मनोऱ्यातल्या पाटीवर नाव — तेवढंच हवं होतं तिला.

९ सप्टेंबर
काय देखणा आकडा आहे! एक ते सात गुणत जा — ५०४०. नुसते सात, आठ, नऊ, दहा गुणा — तरी ५०४०! साठ संख्यांनी नेमका भाग जातो. पाइप या मापात आले असते तर माझं अर्धं भंगार वाचलं असतं.

११ सप्टेंबर
पाटी लागली. सोनेरी अक्षरं. मर्ल नावावरून बोट फिरवत उभी.

१५ सप्टेंबर
नरेल दुकानात आली. शाळेत गणित शिकवते, आमच्यात तिसरी घंटा ओढते. माझी रचना तिने कॉम्प्युटरवर घातली होती. म्हणे चौदा ओळी दोनदा आल्यात.

मी हसलो. बेरीज मी स्वतः केली होती — चौदा ओळींचे तीनशे साठ गट, झाले ५०४०.

"बेरीज बरोबरच आहे, केव्ह," ती म्हणाली. "म्हणून तर चौदा ओळी वाजल्याच नाहीत."

खरंच की! मुळात क्रमच तेवढे. एक दोनदा आला की दुसऱ्याची जागा गेली. तीन तास ऐकत होतो — आणि काही म्हणता काही कळलं नाही!

१६ सप्टेंबर
एक जरी ओळ दोनदा आली तरी फेरी खोटी, आणि खोटी फेरी संघटनेच्या नोंदीतून काढतात. वाजवणाऱ्यांनी स्वतःच कळवायचं. तपासायला कुणी येत नाही. नरेल म्हणते, तू ठरव. गावात कुणाला कळणार? मर्लला तर नाहीच. दिवसभर डोकं ठिकाणावर नाही. एका बाईंच्या न्हाणीत गरम नळ थंडाला जोडून आलो.

१८ सप्टेंबर
मर्लकडे गेलो. लिंबाला पाणी घालत होती. सांगून टाकलं. नळी तिच्याच बुटांवर वाहत राहिली. वाटलं, आता शिव्या खाणार.

तिने एवढंच विचारलं, कुठल्या राहिल्या? कागद दिला. चौदाही ओळी सावकाश वाचल्या.

"बिचाऱ्या," ती म्हणाली.

मी म्हटलं, पाटी राहू दे, मोजतंय कोण.

"मी मोजतेय. पाटी उतरव. ऑपरेशनच्या आत परत वाजवू. आणि या वेळी हाका मी देणार, तू गप दोर ओढ."

११ ऑक्टोबर, शनिवार
५०४०. खरी! तीन तास अकरा मिनिटं. जुनी, तपासलेली रचना. हाका मर्लच्या. मला तिने आठवी घंटा दिली. ती सातांच्या अदलाबदलीत नसतेच, प्रत्येक ओळीत शेवटीच वाजते.