पाऊस आला, कपडे काढले

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (खोली एवढी लहान आहे की खरोखरचा साष्टांग घालायचा तर पाय जिन्यात जातात; तेव्हा गुडघे दुमडून घातला असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला? त्यांना म्हणावं, परदेशात येऊनही त्यांच्याइतकं दणक्यात खोकणारं कुणी अजून भेटलं नाही. मी मजेत आहे. पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर हे सांगायची सोय नाही, म्हणून लिहून त्याचा फोटो दादाला पाठवतोय. तो वाचून दाखवील. (दादा, मधलं काही गाळू नकोस आणि पदरचं घालू नकोस.)

तर परवा इथे वादळ झालं. भरदुपारी एवढं अंधारून आलं की मी दिवा लावला, तो लावला तोच गेला. मग वीज अशी कडाडली की खिडकीची तावदानं थरथरली आणि कपातला चहा बशीत आला. मी एवढ्या लांब विजेचाच अभ्यास करायला आलोय हे तुला माहीत आहेच, पण ती स्वतःहून भेटायला आल्यावर मी पलंगाखाली शिरलो. (हे आईला सांगू नकोस.) तिथे बऱ्यापैकी स्थिरस्थावर झालो होतो, एवढ्यात बाहेर टपोरे थेंब वाजले आणि मी ताडकन उठलो. डोक्याला टेंगूळ आलं. दोष तुझा आहे. पावसाचा थेंब पडला की कपडे काढायला धावायचं, आपले-परके बघत बसायचं नाही, घडी घालताना ज्याचे त्याचे ओळखायचे, हे तू मला लहानपणापासून इतकं घोटवलंयस की माझे पाय मला न विचारताच निघतात.

मागच्या अंगणात अख्ख्या इमारतीच्या दोऱ्या आहेत. मंडळी कामावर गेलेली. मी एकटा, वर गारांचा मारा, आणि वारा असा की एक चादर सोडवली तर तीच मला गुंडाळून बसली. त्यातच पलीकडच्या झाडावर वीज पडली. मी चादरीसकट उडी मारली, किंचाळलो, पण कपडे सोडले नाहीत. सगळे गोळा करून वर आणले, खोलीभर दोऱ्या बांधल्या, मोजे जोडीने लावले. एवढं झाल्यावर लक्षात आलं की त्यात माझा एकही कपडा नव्हता.

इकडे तळमजल्यावरची नर्स, जी रात्रपाळी करून दुपारी झोपते, ती माझ्या किंचाळण्याने जागी झाली आणि विजेच्या उजेडात तिला दिसलं ते असं: डोक्यावर चादर घेतलेला एक इसम तिचे गणवेश बगलेत मारून पळतोय. तिने घरमालकांना बोलावलं. ते शेजारीच राहतात. उलटी झालेली छत्री घेऊन आले. सज्जन गृहस्थ आहेत, कधी ओरडत नाहीत, नुसते वाईट वाटल्यासारखे बघतात, आणि त्यानेच माझी बोबडी वळते. कारण आवाजाची एक तक्रार माझ्या नावावर आधीच आहे, आणि दुसरी आली की खोली सोडायची हे त्यांनी बजावून ठेवलंय. वर्षाच्या मध्यात इथे दुसरी खोली मिळत नाही, आत्या. ही गेली तर शिक्षण गुंडाळून घरी.

ते म्हणाले, हे कपडे तुझे नाहीत. मी म्हटलं, नाहीत. मग काढले का? पाऊस आला. पण तुझे नाहीत ना? नाहीत. मग का काढले? पाऊस आला. असे आम्ही बराच वेळ गोल गोल फिरलो. इथे ज्याचे कपडे त्याने भिजवावेत अशी पद्धत असावी. शेवटी मी सांगून टाकलं की मला आत्याने असं शिकवलंय. नर्सने आपले गणवेश तपासले. चादरीखाली राहिल्याने कोरडे होते, कॉलरसुद्धा नीट बसवली होती. संध्याकाळी त्यातलाच घालून ती कामावर गेली. जाताना एवढंच म्हणाली, तक्रारीचं मी बघते. त्या बघण्यावर माझं सगळं अडलंय, आणि मला खरंच भीती वाटतेय.

काकांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, दादाला वाचनाबद्दल शाबासकी.

तुझा,
कपडेकाढू भाचा

ता. क. आत्या नावाचं माणूस खरोखर आहे, यावर घरमालकांचा विश्वास नाही. रविवारी तू नेहमीच्या वेळी फोन कर. ते आणि नर्स माझ्या खोलीत बसून ऐकणार आहेत. भाषेची काळजी करू नकोस, मी समजावून सांगेन. त्यांना फक्त तुझा आवाज ऐकायचाय.

ता. क. २. आता खरं सांगतो. ती पहिली तक्रार तुझ्या आवाजाची होती. तू रात्री जेवून फोन करतेस तेव्हा इथे दुपार असते आणि खाली नर्स झोपलेली असते. तिची समजूत अशी की रोज एक दांडगा पुरुष येऊन मला झापतो. (घरमालकांना वाटतं, मी चोरून दुसरा भाडेकरू ठेवलाय.) मी आता सांगून बसलोय की माझी आत्या फार मवाळ, अगदी हळू बोलणारी बाई आहे. तेव्हा रविवारपुरतं, काकांचा नुकता डोळा लागलाय असं समजून बोल. पाया पडतो.

ता. क. ३. सोमवारपासून मात्र आपल्या नेहमीच्या आवाजात बोल. मी फोन उशीखाली धरीन. तू हळू बोललीस की मला वाटतं, घरी काहीतरी झालंय.